कुत्र्याचा कान बरा होतो आणि परत परत बिघडतो, मग नक्की कुठे चुकतंय?

रात्री दोन वाजता कान फडफडल्याचा तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. फट फट फट, मग जरा शांतता, मग मागच्या पायाने कान खाजवताना पट्ट्याचा खुळखुळाट, आणि आपण अंधारात पडल्या पडल्याच समजून जातो की झालं, परत सुरू झालं. आमच्या गोटूला, कॉकर स्पॅनियल आहे तो, हे चौदा महिन्यांत पाच वेळा झालं. दर वेळी तेच सगळं, कान आतून लालभडक, तपकिरी चिकट मळ, तो गोडसर कुबट वास, डॉक्टरकडे जायचं, ड्रॉप्स आणायचे, आठवड्यात कान छान, दीड-दोन महिने आनंदात आणि परत रात्री दोनला फट फट फट.

पाचव्या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्या मुख्यतः त्वचेच्या आणि कानाच्याच केसेस बघतात. त्यांनी विचारलं, हे कशामुळे होतंय? मी म्हटलं यीस्टमुळे, म्हणजे त्या सूक्ष्म बुरशीमुळे. तर त्या म्हणाल्या, यीस्ट धडधाकट कुत्र्याच्या कानातही थोडं असतंच, ते एवढं माजायला कानात वातावरण कोण तयार करून देतंय ते आपल्याला शोधायचंय. इतके महिने आम्ही फक्त यीस्ट मारत होतो, ते वातावरण तसंच राहत होतं, म्हणून औषध थांबलं की पुन्हा तेच. ज्यांच्या कुत्र्याचा कान वर्षात दोनापेक्षा जास्त वेळा बिघडलाय त्यांनी कृपया पुढचं सगळं वाचा, कारण मी जे चौदा महिने घालवले ते तुम्ही घालवू नयेत आणि तुमच्या पोराने ती खाज सोसू नये एवढंच मला वाटतं.

आधी कानाची रचना समजून घ्या, दोन मिनिटं लागतील पण बाकी सगळं त्यावरच आहे. आपल्या कानाची नळी साधारण सरळ आत जाते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग आडवी वळून पडद्यापर्यंत जाते, इंग्रजी एल अक्षरासारखी. म्हणजे आपल्याला वरून जो कान दिसतो तो फक्त दरवाजा, खरा आजार वळणाच्या पलीकडे बसलेला असू शकतो आणि वरून सगळं गुलाबी स्वच्छ दिसू शकतं. त्या नळीला आतून साधी त्वचाच असते, आणि तिची स्वतःची साफसफाईची पद्धत असते, पडद्याजवळची त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत राहते आणि मळ, मेलेल्या पेशी आपोआप बाहेर आणते. सूज आली की हे सरकणं बिघडतं, मळ आत साचतो, आत ओल आणि ऊब वाढते, आणि यीस्ट-बॅक्टेरियांना मजाच मजा. लोंबते कान, नळीत दाट केस, सारखं पोहणं, यामुळे हे सगळं व्हायला सोपं जातं, पण नुसत्या लोंबत्या कानामुळे आजार होत नाही. तसं असतं तर प्रत्येक लोंबत्या कानाचा कुत्रा आजारी असता, आणि उभ्या कानांच्या कुत्र्यांना काहीच झालं नसतं. "या जातीचं असंच असतं" हे वाक्य मी वर्षभर ऐकलं आणि मानलं, ते मानायला नको होतं.

आता तपासायचं कसं ते एकेक सांगते.

पहिला प्रश्न, स्लाइड झाली का? म्हणजे कानातला मळ स्वॅबवर घेऊन काचेवर लावून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघणं. याला सायटॉलॉजी म्हणतात, क्लिनिकमध्येच होतं, थोड्याच वेळात कळतं, आणि दोन्ही कानांची वेगवेगळी करायची असते कारण एका कानात यीस्ट आणि दुसऱ्यात बॅक्टेरिया असं सर्रास असतं. नुसत्या वासावरून आणि रंगावरून अंदाज येतो, तपकिरी चिकट आणि कुबट गोड वास म्हणजे बहुतेक मॅलासेझिया नावाचं यीस्ट, पिवळट असेल तर गोल आकाराचे बॅक्टेरिया असण्याची शक्यता, आणि हिरवट-पिवळा पातळ पू, घाण वास, कानाला हात लावू देत नाही इतकं दुखणं असेल तर काठीच्या आकाराचे बॅक्टेरिया, त्यातला स्यूडोमोनास हा सगळ्यात चिवट. पण हा अंदाजच, यावर औषध ठरवायचं नाही. आमच्याकडे पहिल्या चार वेळांपैकी एकदाच स्लाइड झाली होती आणि बाकी तीन वेळा "मागचंच असेल" म्हणून तेच ड्रॉप्स. मी स्वतःहून मागितली नाही, मला माहीतच नव्हतं की मागायची असते. तुम्ही मागा. नम्रपणे विचारा, डॉक्टर स्लाइड बघू या का, आणि निकाल लिहून घ्या, कोणत्या कानात काय आणि किती.

दुसरं, औषध खरंच आतपर्यंत पोचतंय का? नवीन डॉक्टरांनी मला गोटूच्या कानात औषध घालून दाखवायला सांगितलं. मी नेहमीसारखे दोन थेंब कानाच्या तोंडाशी टाकले. त्या म्हणाल्या हे केसांना लागलं, वळणाच्या पलीकडे काहीच गेलं नाही. त्यांनी मिलीमध्ये माप दिलं, गोटूला एका कानात अर्धा मिली, आणि सुई नसलेली छोटी सिरिंज दिली मोजायला. तुमच्या कुत्र्याला किती ते त्याच्या आकारावर आणि औषधावर अवलंबून आहे, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण थेंबात नको मिलीत सांगा असं म्हणा. औषध घातल्यावर कानाचं बूड, म्हणजे गालाच्या मागे जिथे नळी हाताला कडकशी लागते तिथे, बोटांनी हळूहळू चोळायचं, चुळुक चुळुक आवाज आला पाहिजे. आणि डोकं झटकणारच तो, तेव्हा आपला चेहरा बाजूला ठेवा आणि त्याच्याही डोळ्यात उडू देऊ नका, काही कानाची औषधं डोळ्यात गेली तर जखम होऊ शकते.

मळ साचलेल्या कानात औषध घालणं म्हणजे चिखलावर रंग देणं. आधी क्लीनर, मग औषध. आम्हाला मध्ये अर्धा तास ठेवायला सांगितलं, क्लीनर सुकायला हवा नाहीतर औषध पातळ होतं. काही औषधं मात्र क्लिनिकमध्येच एकदा भरतात आणि ती कित्येक दिवस आत राहून काम करतात, तसलं भरलं असेल तर घरी कान साफ करायचा नाही, धुतलं तर औषधच निघून जाईल, हे नीट विचारून घ्या.

साफ करायची पद्धत पण सांगते कारण मी आधी चुकीचीच करत होते. क्लीनरची बाटली आधी हातात धरून कोमट होऊ द्या, गार पाणी कानात गेलं की कुणालाही नको वाटतं आणि पुढच्या वेळी बाटली बघूनच पलंगाखाली जातात. कानाची पाळी वर धरायची, नळी भरेल इतकं सोडायचं, बाटलीचं टोक कानाला लावायचं नाही, लागलं तर पुसून ठेवायचं. मग बूड चोळायचं, अर्धा मिनिट तरी, मग सोडून द्यायचं, तो झटकेल, आतला मळ वर येईल, आणि मग कापसाने किंवा गॉजने जिथपर्यंत आपलं बोट सहज जातं तिथपर्यंतच पुसायचं. इअर बड नको, अजिबात नको, त्याने मळ वळणाच्या आत ढकलला जातो आणि सुजलेल्या त्वचेला ओरखडे पडतात. दर वेळी नंतर काहीतरी आवडीचं द्या, पण ते काय द्यायचं ते खाली अ‍ॅलर्जीच्या भागात वाचा आधी. आणि कान एवढा दुखत असेल की हात लावल्यावर ओरडतोय, तर घरी जबरदस्तीने साफ करू नका, आधी सूज आणि वेदना कमी करायचं औषध लागतं, कधी कधी भूल देऊन क्लिनिकमध्येच आतून धुवावा लागतो. दुखत्या कानाशी झटापट केली की त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो, तो परत मिळवायला महिने लागतात, मी बघितलंय.

तिसरं, औषध कधी थांबवलं? ही माझी सगळ्यात मोठी चूक. आठवड्यात वास गेला, खाज गेली, मी थांबवलं, दोनदा तर उरलेलं पुढच्या वेळेसाठी जपून ठेवलं. कान बरा झाला हे आपल्या डोळ्यांनी ठरत नाही, पुन्हा स्लाइड करून ठरतं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, तपासणीला जायचं, स्लाइड साफ आणि नळीची सूज उतरली हे बघितल्यावरच बंद. आणि ते जपून ठेवलेलं औषध, ते तर टाकूनच द्या. पुढच्या वेळी कानात दुसरंच काही असू शकतं, आणि त्याहून महत्त्वाचं, पडदा फाटलेला असू शकतो. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स किंवा क्लोरहेक्सिडिन असलेले क्लीनर आतल्या कानापर्यंत गेले तर ऐकू येणं आणि तोल सांभाळणं दोन्हीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, आत बघितल्याशिवाय जुनी बाटली उघडायची नाही.

इथपर्यंतचं सगळं नीट करूनही कान परत बिघडत असेल तर आता मुळाकडे जाऊ.

एकच कान की दोन्ही? हा साधा प्रश्न पण खूप काही सांगतो. कायम एकाच कानाला त्रास होत असेल तर त्या कानात काहीतरी अडकलंय किंवा वाढलंय का ते बघावं लागतं. फिरून आल्या आल्या अचानक डोकं एका बाजूला वाकवून वेड्यासारखं झटकायला लागला तर गवताचं कुसळ आत गेलं असण्याची शक्यता जास्त, ते टोकदार असतं आणि आतच सरकत जातं, पडदाही फाडू शकतं, त्यामुळे उद्या बघू असं नको, त्याच दिवशी दाखवा. वय झालेल्या कुत्र्यात एकाच कानाचा त्रास असेल तर नळीत गाठ नाही ना ते बघून घ्यायचं. तरुण मांजरात पॉलिप म्हणजे मांसाची वाढ होते कधी कधी, तीही बहुतेक एकाच बाजूला.

कानातले माइट्स म्हणजे सूक्ष्म किडे, हे पिल्लांमध्ये आणि मांजरांमध्ये जास्त दिसतात. कॉफीच्या भुकटीसारखा सुका काळपट मळ आणि प्रचंड खाज. मोठ्या, घरातच राहणाऱ्या कुत्र्याला परत परत त्रास होतोय तर ते माइट्स असण्याची शक्यता कमी, तरी लोक सगळ्यात आधी माइट्सचंच औषध आणून घालतात. पण घरात मांजर असेल किंवा नुकतंच पिल्लू आणलं असेल तर जरूर तपासा, आणि निघाले तर घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकदमच औषध द्या, ज्यांना खाज नाही त्यांनासुद्धा. त्यांचं अंड्यापासून मोठं होण्याचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं, त्यामुळे एकालाच आणि एकदाच दिलं तर ते एकमेकांकडून परत येतच राहतात.

आणि आता मुख्य, अ‍ॅलर्जी. दोन्ही कान, परत परत, तरुण कुत्रा, असं असेल तर सगळ्यात मोठा संशय हाच. मला कळतच नव्हतं की अ‍ॅलर्जीचा आणि कानाचा काय संबंध, पण कानाची नळी म्हणजे त्वचाच ना, मग अंगाच्या त्वचेला जी सूज येते ती तिथेही येणार. काही कुत्र्यांत तर अ‍ॅलर्जीचं एकमेव लक्षण कान हेच असतं, बाकी अंग अगदी छान. गोटूच्या बाबतीत लक्षणं होती, मीच ओळखली नाहीत. तो संध्याकाळी पुढचे पंजे चाटत बसायचा, मला वाटायचं स्वच्छतेची आवड आहे. त्याचे पंज्यांमधले पांढरे केस तांबूस झाले होते, ते सततच्या लाळेमुळे होतात. जेवण झालं की तोंड गालिच्यावर घासायचा, ते लाडात येणं वाटायचं. काखेत आणि पोटावर जरा गुलाबी असायचं. डॉक्टरांनी हे एकेक विचारलं आणि मी प्रत्येकाला हो हो म्हणत गेले, तेव्हा मला रडूच आलं, एवढं सगळं तो आपल्याला सांगत होता.

अ‍ॅलर्जी पिसवांच्या चाव्याचीही असते, म्हणून आधी पिसवांचं नियंत्रण पक्कं करायचं, एकही महिना न चुकवता. मग राहतात दोन, खाण्याची आणि वातावरणाची म्हणजे धूळ, धुळीतले माइट्स, परागकण, बुरशी वगैरे. वातावरणाच्या अ‍ॅलर्जीला अ‍ॅटोपी म्हणतात आणि ती बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. खाण्याची कुठल्याही वयात होऊ शकते, वर्षानुवर्षं तेच खातोय म्हणून अ‍ॅलर्जी नसेल असं नाही, उलट जे बराच काळ खातोय त्याचीच होते. कुत्र्यांमध्ये ती बहुतेक प्रथिनांची असते, बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन, गहू ही त्यातली नेहमी सापडणारी नावं. रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या ज्या टेस्ट खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी मिळतात त्यांच्यावर विसंबू नका, त्या भरवशाच्या नाहीत. खरी टेस्ट एकच, एलिमिनेशन डाएट.

म्हणजे काय, तर त्याने आजवर कधीच खाल्लं नाही असं एकच प्रथिन, किंवा डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइज्ड खाणं, ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर ते ओळखत नाही, असं आठ आठवडे आणि बाकी काहीही नाही. काहीही म्हणजे काहीही. आम्ही पाच आठवडे अगदी कडक पाळलं आणि मग कळलं की सासूबाई रोज सकाळी त्याला दुधात भिजवलेल्या बिस्किटाचा एक तुकडा देत होत्या. त्यांचा काहीच दोष नाही, मी त्यांना "त्याचं खाणं बदललंय" एवढंच सांगितलं होतं, एक तुकडा चालत नाही हे सांगितलंच नव्हतं, आणि त्यांचा तो सकाळचा पाच मिनिटांचा वेळ होता त्याच्याबरोबरचा. परत पहिल्या दिवसापासून सुरू केलं आणि या वेळी नव्या खाण्याचेच पाच दाणे वाटीत सासूबाईंच्या खुर्चीजवळ ठेवले, तो तेवढ्याच आनंदाने खायचा. त्यामुळे सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला बसवून सांगा, कामाला येणाऱ्यांना, शेजारच्या मुलांना सगळ्यांना. आणखी लपलेल्या गोष्टी म्हणजे चघळायची हाडं, चव असलेल्या गोचिडाच्या आणि जंताच्या गोळ्या, कुत्र्यांची टूथपेस्ट, गोळी लपवायला वापरतो तो पदार्थ, आणि मांजराची वाटी. या काळात कानाचं इन्फेक्शन असेल तर त्याचा उपचार बरोबरीने चालूच ठेवायचा, नाहीतर खाज इन्फेक्शनची की खाण्याची ते कळणारच नाही. पिल्लू असेल किंवा दुसरा काही आजार असेल तर घरी शिजवून प्रयोग करू नका, आठ आठवडे अर्धवट पोषण त्यांना झेपत नाही.

आठ आठवड्यांत सुधारणा दिसली तरी तिथे थांबायचं नाही. जुनं खाणं परत देऊन बघायचं, खरंच खाण्याचीच अ‍ॅलर्जी असेल तर बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आत खाज परत येते, आणि तेव्हाच खात्री होते. हे करायला जिवावर येतं मला माहितेय, बरा झालेल्या पोराला मुद्दाम कशाला त्रास द्या, पण नाहीतर आयुष्यभर उगाच महागाचं आणि बंधनाचं खाणं चालू राहील आणि कान कदाचित ऋतू बदलल्यामुळे सुधारला असेल.

गोटूचं निघालं नाही खाण्याचं. आठ आठवडे कडक पाळून पंजे चाटणं तसंच. मग डॉक्टर म्हणाल्या अ‍ॅटोपी. तिची स्वतःची हो-नाही सांगणारी टेस्ट नसते, बाकीची कारणं एकेक वगळत तिच्यापर्यंत पोचावं लागतं. अ‍ॅलर्जी टेस्ट करतात ती इम्युनोथेरपी म्हणजे हळूहळू सवय लावणाऱ्या लसीसाठी कशाकशाची अ‍ॅलर्जी आहे ते निवडायला. उपचारात गोळ्या आहेत ऑक्लासिटिनिबसारख्या, लोकिवेटमॅबचं इंजेक्शन आहे, स्टिरॉइड आहेत, इम्युनोथेरपी आहे, कुठलं कुणाला ते डॉक्टर ठरवतील. अ‍ॅटोपी पूर्ण जात नाही, ताब्यात राहते, हे ऐकून वाईट वाटलं पण निदान रोज नवीन अंदाज बांधणं तरी संपलं.

मध्यम वयाच्या पुढचा कुत्रा, आधी कधी त्रास नाही आणि अचानक कान, त्वचा परत परत बिघडतेय, वजन वाढलंय, सुस्त झालाय, केस विरळ, तर थायरॉइड तपासून घ्या.

आता काही कान असे असतात की कारण सापडलं, उपचार चालू आहे, तरी हटत नाहीत. तिथे तीन गोष्टी बघायच्या. एक, स्लाइडवर काठीसारखे बॅक्टेरिया दिसतायत आणि औषध लागू पडत नाहीये, तर कल्चर करा, म्हणजे कानातले बॅक्टेरिया लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणं. रिपोर्टमध्ये सगळीकडे रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद देत नाही, असं लिहून आलं तरी घाबरून जाऊ नका, लॅबचे आकडे रक्तातल्या औषधाच्या प्रमाणावरून असतात आणि कानात थेट घातलेलं औषध त्याच्या कितीतरी पट तीव्र असतं, त्यामुळे रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या. दोन, बायोफिल्म, म्हणजे बॅक्टेरिया स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात आणि औषध आत शिरत नाही. तो थर धुऊन काढावा लागतो, आणि ट्रिस ईडीटीए नावाचं द्रावण अशा वेळी अँटिबायोटिकच्या आधी घालतात, त्याने त्या बॅक्टेरियांचं बाहेरचं आवरण कमजोर होतं. तीन, आणि हे फार जणांचं सुटतं, पडद्याच्या आतला मधला कान. वर्षानुवर्षं बिघडणाऱ्या बऱ्याच कानांमध्ये इन्फेक्शन मधल्या कानात जाऊन बसलेलं असतं, आणि पडदा वरून शाबूत दिसतो तरी आत ते असू शकतं. मग बाहेरून कितीही ड्रॉप्स घाला, आतून परत येणारच. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय आणि भूल देऊन आतपर्यंत धुणं लागू शकतं. तोंड उघडताना किंवा कडक काही चावताना दुखतंय असं वाटलं तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, मधला कान जबड्याच्या सांध्याला अगदी लागून असतो.

वारंवार सूज येऊन नळीची त्वचा जाड होते, नळी अरुंद होत जाते, आणि शेवटी ती कडक होते, तेव्हा औषधाने परत मोकळी होत नाही. मग पूर्ण नळी काढून टाकायचं मोठं ऑपरेशन हाच मार्ग उरतो. ते झालेले कुत्रे दुखण्यातून सुटतात आणि परत खेळायला लागतात हेही खरं, पण तिथपर्यंत जाऊ द्यायचं नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच कारणाच्या मागे लागा.

काय घालायचं नाही ते पण सांगून ठेवते कारण हे सल्ले प्रेमानेच दिले जातात. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर हे सुजलेल्या, सोललेल्या त्वचेवर आग आग करतात. तेल घातलं की मळ मऊ होतो असं म्हणतात, पण यीस्टला स्निग्ध जागाच आवडते. टी ट्री ऑइल कुत्र्यांना आणि मांजरांना विषारी ठरू शकतं, मांजरांना तर जास्तच. माणसांचे कानाचे ड्रॉप्स नको. कानातले केस दर वेळी उपटून काढणं हेही कान निरोगी असेल तर गरजेचं नाही, उपटल्याने बारीक जखमा होतात. आणि निरोगी कान रोज रोज धुऊ नका, सततच्या ओलीने त्वचा भिजून नाजूक होते, अति काळजीनेसुद्धा कान बिघडतो.

मान एका बाजूला कललेली, चालताना तोल जातोय, डोळ्यांची बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलतायत, चेहऱ्याची एक बाजू सैल पडलीय, एक डोळा नीट मिटत नाही, अचानक ऐकू येईनासं झालंय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, कानात घरचं काहीही न घालता. कानाची पाळी फुग्यासारखी फुगली असेल तर झटकून झटकून आतली रक्तवाहिनी फुटून रक्त साचलेलं असतं, तेही लवकर दाखवा, आणि फुगा उतरवण्याबरोबर ज्या खाजेमुळे तो इतका झटकत होता तिचाही उपचार करून घ्या नाहीतर परत भरतो.

एक वही ठेवा. तारीख, कोणता कान, वास, रंग, स्लाइडचा निकाल, औषधाचं नाव, किती दिवस, पोहणं किंवा अंघोळ झाली होती का, खाण्यात काय नवीन. आमच्या वहीत चार महिन्यांतच दिसलं की कान बिघडायच्या आठ-दहा दिवस आधी पंजे चाटणं वाढतं. आता पंजे चाटायला लागला की आम्ही डॉक्टरांना फोन करतो, कान लाल व्हायची वाट बघत नाही.

सध्याचं आमचं असं आहे. अ‍ॅटोपीचं इंजेक्शन डॉक्टर सांगतील त्या अंतराने. आठवड्यातून एकदा क्लीनर, आणि अंघोळीनंतर कान सुकवणारा क्लीनर. आठवड्यातून दोनदा स्टिरॉइडचे ड्रॉप्स, इन्फेक्शन नसतानासुद्धा, नळीला सूजच येऊ नये म्हणून, हे फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि स्लाइड साफ असतानाच. दर रविवारी मी दोन्ही कानांचा वास घेते, आत बघते, बूड दाबून चुळुक आवाज येतो का ते ऐकते, कोरड्या कानात येत नाही. शेवटचं इन्फेक्शन होऊन अकरा महिने झाले. उजवा कान मध्ये एकदा गुलाबी झाला होता, दुसऱ्याच दिवशी स्लाइड केली, थोडंसंच यीस्ट होतं, औषध वेळेत सुरू झालं आणि चौदा दिवसांनी पुन्हा केलेली स्लाइड साफ आली. रात्री आता तो पायाशी झोपतो आणि सकाळपर्यंत हलत नाही.